महाडीबीटी शिष्यवृत्ती: पहिल्या दाखल्यापासून खात्यात पैसे पडेपर्यंत

बारावीचा निकाल लागला की कोकणातल्या वाड्यावाड्यांत एकच काळजी सुरू होते. प्रवेश मिळेल, पण फी कुठून आणायची? राज्य सरकारच्या योजनांतून ही फी पूर्ण किंवा अर्धी भरली जाते. काही योजनांतून राहण्या-जेवणाचेही पैसे मिळतात. तरीही दरवर्षी पात्र मुलांचे अर्ज अडकतात आणि त्यातले बरेचसे अगदी साध्या कारणांनी अडकतात. आधारवर वडील 'चंद्रकांत' असतात आणि दाखल्यावर 'चंदू'. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चलाच संपलेला असतो. बँकेचं खातं आधारला जोडलेलंच नसतं. यातलं प्रत्येक काम प्रवेशाच्या आधी, एप्रिल-मे महिन्यात उरकता येतं. जून-जुलैत वीज जाते, नेट जातं, सेतू केंद्रात रांग लागते आणि महाविद्यालयातल्या क्लार्कसमोर फायलींचा ढीग असतो. त्यामुळे अर्जाचं पान उघडण्याआधी काय करायचं, यावर इथे जास्त जागा दिली आहे.

आपली योजना कोणती

राज्याच्या दहावीनंतरच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचा अर्ज महाडीबीटी, म्हणजे योजनांचे पैसे थेट खात्यात देणाऱ्या राज्य सरकारच्या पोर्टलवरच भरायचा असतो. पोर्टल एकच असलं तरी योजना वेगवेगळ्या खात्यांच्या आहेत आणि प्रत्येकीची उत्पन्नमर्यादा वेगळी आहे. त्यामुळे शेजारच्या मुलाला मिळाली म्हणजे आपल्याला तीच मिळेल, असं धरून चालू नका.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २.५ लाखांपर्यंत हवं. फी भरली जातेच, शिवाय निर्वाहभत्ता मिळतो. अभियांत्रिकी, वैद्यकीय अशा पदवीला वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० आणि घरून येऊन-जाऊन शिकणाऱ्याला ७,००० रुपये, तर बीए, बीकॉम, बीएस्सी अशा साध्या पदवीला अनुक्रमे ६,००० आणि ३,००० रुपये. उत्पन्न २.५ लाखांच्या वर असेल तर निर्वाहभत्ता नाही, पण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे. तिलाच सगळे फ्रीशिप म्हणतात. अनुसूचित जमातींसाठीही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे आणि तिची मर्यादाही २.५ लाखच आहे.

विजाभज (विमुक्त जाती आणि भटक्या जमाती), विशेष मागास आणि ओबीसी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीसाठी कमी उत्पन्नाची अट आहे. पण शुल्काच्या योजनेसाठी ८ लाखांची मर्यादा आणि नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब प्रगत गटात मोडत नसल्याचा दाखला लागतो. उत्पन्न जास्त म्हणून शिष्यवृत्ती नाकारली गेली तरी शुल्काची योजना उघडून बघा. अनेक घरांत पहिल्या नकारानंतर पुढे कुणी पाहतच नाही.

खुल्या प्रवर्गातल्या आणि आर्थिक दुर्बल किंवा मराठा आरक्षणातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. बोलण्यात तिला अजूनही ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) म्हणतात. मर्यादा ८ लाख, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांना निम्मं शिक्षण शुल्क व निम्मं परीक्षा शुल्क मिळतं. मुलींच्या बाबतीत मोठा बदल झाला आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, मराठा आरक्षण आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के मिळतं. मुलीला अभियांत्रिकी किंवा फार्मसीऐवजी 'फी परवडत नाही' म्हणून दुसरीकडे वळवण्याआधी ही योजना आईवडिलांना दाखवा.

इथे एक हिशेब नीट समजून घ्या. समजा महाविद्यालयाच्या फीमध्ये ट्यूशन फी ७०,००० आणि डेव्हलपमेंट फी ७,००० अशी फोड आहे. ईबीसीत मुलाला ३५,००० मिळतील, शंभर टक्के योजनेत मुलीला ७०,००० मिळतील. डेव्हलपमेंट फी, बस, मेस, जर्नल हा खर्च मात्र घरूनच करावा लागतो. प्रवेशाच्या वेळी फीची फोड लेखी मागून घ्या, म्हणजे किती पैसे उभे करायचे ते आधीच कळतं.

व्यावसायिक अभ्यासक्रमांना आणखी एक अट आहे. ती न पाळल्यामुळे झालेलं नुकसान नंतर भरून काढता येत नाही. प्रवेश कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर शुल्काची योजना लागू होत नाही. 'आत्ता सीट घ्या, शिष्यवृत्तीचं नंतर बघू' असं कुणी सांगितलं तर सीटचा प्रकार लेखी विचारा.

घराबाहेर राहणाऱ्यांसाठी

कोकणातल्या मुलांना या योजना सर्वांत जास्त लागतात, कारण मालवणच्या तंत्रनिकेतनात, लोणेऱ्याच्या विद्यापीठात, दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकायचं म्हटलं तरी अनेकांना गाव सोडावंच लागतं.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, ठाणे, पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,०००, इतर महसुली विभागीय शहरांत आणि महापालिकांच्या शहरांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० आणि तालुक्याच्या ठिकाणी ३८,००० रुपये, हे तिचे दर. आधी वसतिगृहासाठी अर्ज करा, कारण स्वाधार त्याच्याशी जोडलेली आहे. अनेक जण वसतिगृहाचा अर्जच करत नाहीत आणि नंतर स्वाधारसाठी धावतात. खोलीचा भाडेकरार पहिल्याच महिन्यात करून घ्या. घरमालक डिसेंबरमध्ये मागच्या तारखेचा करार देत नाही, आणि द्यायलाही नको.

ओबीसी, विजाभज आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना जवळपास याच दरांची आहे, पण तिच्यात प्रत्येक जिल्ह्याला ६०० जागा आहेत. त्यामुळे गुण आणि वेळ दोन्ही महत्त्वाचे. अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. रायगडमधल्या कातकरी, ठाकूर, महादेव कोळी विद्यार्थ्यांनी त्यासाठी पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी.

ईबीसीला पात्र असलेल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. ईबीसी घेतली म्हणून हा भत्ता बंद होत नाही, दोन्हींचे अर्ज वेगळे भरा. कोकणात यात एक खास अडचण येते. अल्पभूधारक दाखल्यासाठी जमीन वडिलांच्या किंवा आईच्या नावावर दिसावी लागते, आणि आपल्याकडे सातबाऱ्यावर अजून आजोबा असतात, नाहीतर काका-चुलत्यांसह वीस-पंचवीस सामाईक नावं. वारस नोंद झालेली नसेल तर तलाठ्याकडे आधी तो अर्ज द्या. फेरफार मंजूर व्हायला वेळ लागतो. म्हणूनच हे काम आंब्याच्या हंगामात सुरू करायचं. मजुराच्या मुलांना पालकाचं मजूर नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं, तेही चालू मुदतीचं.

कागद समोर मांडा

एका मोकळ्या दुपारी दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, विद्यार्थ्याचं आणि आईवडिलांचं आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला आणि बँकेचं पासबुक ओट्यावर ओळीने मांडा. मग पेन्सिल घेऊन एकच गोष्ट तपासा: नाव. अक्षर न् अक्षर. मराठीत नाव सारखं दिसतं, पण 'सावंत' इंग्रजीत एका कागदावर 'व्ही'ने आणि दुसऱ्यावर 'डब्ल्यू'ने असतं. वडिलांचं नाव आधारवर पूर्ण असतं, पासबुकावर नुसतं आद्याक्षर. आईचं नाव कुठे माहेरचं, कुठे सासरचं. पोर्टल आधारवरून नाव उचलतं आणि गुणपत्रिकेवरचं नाव वेगळं असलं की तपासणाऱ्याला अर्ज परत पाठवावा लागतो.

दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरा आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून घाईत चुकीची दुरुस्ती करू नका. गुणपत्रिकेतच चूक असेल तर शाळेमार्फत मंडळाकडे अर्ज करावा लागतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या शाळा कोकण विभागीय मंडळात येतात, रायगडच्या मुंबई विभागीय मंडळात. मोठं बाळ आता सतरा वर्षांचं झालं असेल, पण पंधराव्या वर्षी आधारचे बोटांचे ठसे नव्याने दिले नसतील तर तेही आत्ताच करा. पुढे ठशांची पडताळणी त्यावरच अडते.

उत्पन्नाचा दाखला एप्रिल उजाडल्यावरच काढा. तहसीलदारांच्या दाखल्यावर मुदत ३१ मार्चपर्यंतची लिहिलेली असते. फेब्रुवारीत परीक्षेच्या गडबडीत काढलेला दाखला जूनमध्ये चालत नाही. सेतू किंवा आपले सरकार केंद्रावर अर्ज केला की टोकनची पावती मिळते, ती सांभाळा. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे हा दाखला १५ दिवसांत मिळायला हवा आणि उशीर झाला तर अपील करता येतं.

चाकरमानी घरांत इथेच घोळ होतो. वडील मुंबईला नोकरी करतात, घर आणि रेशनकार्ड गावचं, आणि गावातून दाखला काढताना फक्त कलमबागेचं उत्पन्न सांगितलं जातं. दाखला कुटुंबाच्या एकत्रित उत्पन्नाचा असतो. मुंबईचा पगार त्यात यायलाच हवा. पगारपत्रक किंवा फॉर्म १६ मागवून घ्या, पगारपत्रक मिळत नसेल तर मालकाच्या लेटरहेडवर पगाराचं पत्र. पगार लपवून मिळवलेली शिष्यवृत्ती पुढे पडताळणीत पकडली गेली तर वसुली होते आणि मुलाचं शिक्षण मध्येच अडकतं.

नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक दिला म्हणून दुसरा माफ होत नाही. नॉन-क्रिमीलेअर तीन वर्षांच्या उत्पन्नावर ठरतं आणि त्यात पगार व शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. म्हणून आंबा-काजूच्या बागायतदारांनी किंवा नोकरदारांनी 'आपल्याला मिळणारच नाही' असं परस्पर ठरवू नये.

जात वैधता: अकरावीतच

व्यावसायिक अभ्यासक्रमाला आरक्षित जागेवर प्रवेश घ्यायचा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि शिष्यवृत्तीलाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, विद्यार्थ्यांसाठी नमुना १६, सोबत शपथपत्रं आणि महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या सहीचं नमुना १५अ. प्राचार्यांची सही लागते म्हणूनच अकरावी-बारावीला असताना अर्ज केलेला बरा. अनुसूचित जमाती वगळता बाकीच्या प्रवर्गांचे अर्ज जिल्हा जात पडताळणी समितीकडे जातात. अनुसूचित जमातींची समिती वेगळी, कोकण विभागाची ठाण्यात.

इथे जुना पुरावा मागतात आणि 'जुना' म्हणजे किती, हे प्रवर्गावर ठरतं. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विजाभजसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसी-विशेष मागाससाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीची जातीची नोंद शोधायची. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा सर्वांत उपयोगी. शाळेत गेले नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही पाहा. तिथे पणजोबांच्या नावापुढे जात लिहिलेली सापडते. नावं कधी मोडीत असतात, कधी आडनावच नसतं, नुसतं 'अमुक बिन तमुक'. म्हणून जाताना वंशावळ लिहून न्या. आजोबांची भावंडं, त्यांची घरातली हाक मारायची नावं, सगळं. घरातल्या चुलत भावाला किंवा वडिलांच्या बाजूच्या कुणाला आधीच वैधता मिळालेली असेल तर त्याची प्रत जोडा, काम पुष्कळ हलकं होतं.

खातं आणि आधार

पैसे खाते क्रमांक पाहून येत नाहीत. आधारला शेवटी जे खातं जोडलं गेलं, त्यात येतात. अर्जावर तुम्ही जिल्हा बँकेचा क्रमांक लिहिलात, पण मधल्या काळात एखाद्या शिबिरात पोस्टाच्या बँकेचं खातं उघडून आधार जोडलं असेल, तर रक्कम पोस्टात जाईल. माय आधार संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस', म्हणजे खातं आधारला जोडल्याची स्थिती पाहा. तिथे बँकेचं नाव आणि 'ॲक्टिव्ह' दिसलं पाहिजे. बँकेत नुसती आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं होत नाही. सीडिंगचा फॉर्म वेगळा असतो, तो भरल्यावर तीन-चार दिवसांनी पुन्हा तपासा.

आणखी दोन गोष्टी. कमी कागदांवर उघडलेल्या 'छोट्या खात्यात' एका वेळी ५०,००० पेक्षा जास्त शिल्लक आणि वर्षात १ लाखापेक्षा जास्त जमा चालत नाही. अभियांत्रिकीची फी त्यात मावत नाही आणि रक्कम परत जाते. पूर्ण केवायसी करून खातं साधं करून घ्या. आणि दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं, म्हणून शंभर रुपये भरून खातं चालू ठेवा.

मोबाइल नंबर विद्यार्थ्याच्या हातातला द्या. आधारला वडिलांचा मुंबईचा नंबर असला की प्रत्येक ओटीपीसाठी फोनाफोनी होते, आणि कामावर असलेला माणूस दहा मिनिटांत ओटीपी सांगू शकत नाही.

अर्ज भरताना

नोंदणी केली की आधी प्रोफाइल पूर्ण करायचं. वैयक्तिक माहिती, पत्ता, इतर माहिती, सध्याचा अभ्यासक्रम, मागचं शिक्षण आणि वसतिगृह असे सहा भाग आहेत. सहाही भाग पूर्ण झाल्याशिवाय योजना निवडता येत नाही. उत्पन्न आणि जातीच्या दाखल्यावर बारकोडचा क्रमांक असतो. तो टाकला की माहिती आपोआप येते, पण एक अंक चुकला तर दाखला सापडत नाही. ओ आणि शून्य नीट पाहा.

सगळ्यात जास्त चुका 'सध्याचा अभ्यासक्रम' या पानावर होतात. कॅपऐवजी संस्थास्तर निवडलं जातं, थेट दुसऱ्या वर्षाला आलेले पहिलं वर्ष लिहितात, किंवा महाविद्यालयाचं नाव सारखं असलेला दुसराच अभ्यासक्रम निवडला जातो. तुमचा अभ्यासक्रम यादीतच नसेल तर जवळचा दुसरा निवडू नका. महाविद्यालयाने तो पोर्टलवर जोडून घ्यावा लागतो, क्लार्कला सांगा. मध्ये एखादं वर्ष शिक्षण थांबलं असेल तर ते लपवू नका, गॅपचं शपथपत्र जोडा.

कागद १५ ते २५६ केबीच्या आत हवेत, जेपीजी किंवा पीडीएफ. मोबाइलने रात्री पिवळ्या दिव्याखाली काढलेला फोटो तीन एमबीचा होतो आणि तो दाबून लहान केला की शिक्का वाचता येत नाही. दिवसा दारातल्या उजेडात, कागद सपाट ठेवून स्कॅनर ॲपने काळा-पांढरा स्कॅन करा, १५० डीपीआयला सहसा मर्यादेत बसतो. चारही कडा आणि बारकोड आत आहेत ना, ते स्वतः मोठं करून वाचा. तुम्हाला वाचता आलं नाही तर तपासणाऱ्यालाही येणार नाही.

वसतिगृहात नसताना वसतिगृह निवडू नका. रेक्टरच्या सहीचा दाखला मागतात.

सबमिट केल्यावर

अर्ज क्रमांक लिहून ठेवा, प्रिंट काढून सही करा आणि कागदांसह महाविद्यालयाच्या क्लार्ककडे द्या. ऑनलाइन भरला म्हणजे काम संपलं, असा समज अनेकांचा असतो. अर्ज आधी क्लार्कच्या, मग प्राचार्यांच्या आणि मग खात्याच्या कार्यालयाच्या लॉगिनला जातो. तो महिनाभर क्लार्कपाशीच असेल तर समाज कल्याण कार्यालयात जाऊन उपयोग नाही. स्टेटसमध्ये कुणाच्या टेबलावर आहे ते दिसतं, तिथेच विचारा.

त्रुटी असेल तर अर्ज तुमच्याकडे परत येतो. एसएमएस येईलच असं नाही, म्हणून दर आठ दिवसांनी लॉगिन करा. शेरा वाचा, तेवढंच दुरुस्त करा आणि मुदतीच्या आत पुन्हा पाठवा. परत आलेला अर्ज तसाच पडून मुदत संपली, तर त्या वर्षाची रक्कम गेली. गणपतीत घर भरलेलं असतं आणि वडीलही आलेले असतात. सह्या, ओटीपी, पगाराचं पत्र यातलं जे राहिलं असेल ते त्या चार दिवसांत उरकून घ्या. कार्यालयांना मात्र तेव्हा सुट्ट्या असू शकतात, म्हणून शेरा आधीच वाचलेला असू दे.

महाविद्यालयाकडून काम होत नसेल तर अर्ज क्रमांकासह लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या. अनुसूचित जातींसाठी जिल्ह्याचे समाज कल्याण सहायक आयुक्त, ओबीसी-विजाभजसाठी इतर मागास बहुजन कल्याणचं जिल्हा कार्यालय. कला-वाणिज्य-विज्ञानाच्या ईबीसीसाठी उच्च शिक्षण सहसंचालकांचं कोकण विभागाचं कार्यालय पनवेलला आहे, तर अभियांत्रिकी-पदविकेचं काम तंत्रशिक्षणच्या मुंबई विभागीय कार्यालयाकडे.

रक्कम जमा झाली की ती कशाची आहे ते पोर्टलवर पाहा. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातला फीचा भाग ७ दिवसांत महाविद्यालयात भरून पावती घ्यायची असते. घरी छप्पर गळत असतं, कुणाचं आजारपण असतं, आणि खात्यात एकदम मोठी रक्कम दिसते. ती आधी फीची आहे हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर परीक्षेच्या हॉलतिकिटाला अडचण येते.

एक केंद्राची योजनाही पाहून ठेवा. बारावीला आपल्या मंडळात वरच्या २० टक्के विद्यार्थ्यांत येणाऱ्या आणि ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलांना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरून पदवीला वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण दुसरी शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी घेत असाल तर ही घेता येत नाही. साध्या पदवीला शिकणाऱ्या आणि राज्याच्या योजनेत न बसणाऱ्या मुलाला ती उपयोगी, अभियांत्रिकीच्या मुलाला शुल्काची योजनाच जास्त देते.

दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती आपोआप चालू राहत नाही. नूतनीकरणाचा अर्ज स्वतः भरावा लागतो, मागच्या वर्षाची गुणपत्रिका जोडून. युजरनेम, पासवर्ड आणि अर्ज क्रमांक एका वहीत लिहून ती दाखल्यांच्या फाइलमध्येच ठेवा. सायबर कॅफेवाल्याने स्वतःच्या मोबाइलवर खातं उघडलं असेल तर नंबर आत्ताच बदलून घ्या.